सांध्याचा भाव कोण विचारतो?

गच्चीवर सोलर बसवायचा ठरला की माणसं टाकी किती लिटरची, नळ्या किती, कंपनी कोणती, हे चार ठिकाणी विचारतात. तेच गरम पाणी न्हाणीघरापर्यंत आणणारा पाइप मात्र हार्डवेअरच्या दुकानात फुटाचा भाव विचारून पाच मिनिटांत ठरतो. मला याची खरोखर काळजी वाटते. टाकी पुढेमागे बदलता येते, पण भिंतीत गेलेला पाइप बदलायचा तर टाइल्स फोडाव्या लागतात. घरात बंब होता तेव्हा गरम पाण्याचा प्रवास चार पावलांचा होता. आता ते चार-पाच मजले उतरून येतं.

फुटाच्या भावात सांधा धरलेला नसतो, आणि गळती बहुतेक वेळा सांध्यातूनच होते.

जुन्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप आहेत. आटे पाडायचे, ताग गुंडाळायचा, सफेदा लावायचा आणि पान्याने आवळायचं. हा सांधा दणकट असतो, शिवाय युनियन ठेवलेलं असेल तर उघडताही येतो. अडचण पाइपाच्या पोटात असते. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार आतून थर धरतात, जोडीला गंज येतो, आणि काही वर्षांनी वरच्या मजल्याची धार करंगळीएवढी होते.

म्हणून आता बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप येतो. आतून गुळगुळीत, न गंजणारा, स्वस्त. मीही भिंतीत तोच घालेन, पण त्याचा स्वभाव ओळखून. एसडीआर ११ या वर्गाचा जो पाइप थंड पाण्यात सुमारे २८ किलोचा दाब सोसतो, तोच ८२ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७ किलो सोसतो. उन्हाळ्यात घर बंद असलं तर नळ्यांच्या सोलरमधलं पाणी उकळीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून टाकीजवळचा पहिला तुकडा धातूचाच असावा आणि वाफेचा पाइप वर मोकळा असावा. हे दोन्ही न करता थेट टाकीला सीपीव्हीसी जोडणारा प्लंबर कितीही स्वस्तात काम करत असला तरी मला नको.

दुसरं म्हणजे तो वाढतो. दहा मीटर सीपीव्हीसी वीस अंशांवरून साठवर गेला की साधारण एक इंच लांब होतो. लोखंडी पाइप त्याच्या पाचव्या हिश्शानेच वाढतो. सरळ लांब लाइन क्लॅम्पने घट्ट आवळली तर ही वाढ रोज एल्बोवर जोर काढते. मध्ये वळण द्यावं आणि क्लॅम्पमधून पाइप सरकू द्यावा.

तिसरं सोल्युशन. ते सीपीव्हीसीचंच हवं, पीव्हीसीचं उरलेलं नव्हे. पाइप फिटिंगमध्ये पूर्ण आत घालून पाव फेरा फिरवायचा आणि काही सेकंद दाबून धरायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. घाईत एखादा सांधा सोल्युशनशिवाय नुसताच बसवलेला राहतो. तो पहिले काही दिवस तग धरतो आणि एखाद्या सकाळी सुटतो.

प्लास्टिकचाच दुसरा पाइप पीपीआर. तो वितळवून जोडतात, २६० अंशांच्या यंत्रावर. नीट झालेला सांधा अखंड होतो, त्याला तोड नाही. पण दुरुस्तीलाही तेच यंत्र आणि तोच हात लागतो, आणि हा पाइप तापल्यावर सीपीव्हीसीच्या दुपटीहून जास्त वाढतो. गावात ते काम रोज करणारा माणूस नसेल तर पीपीआरच्या वाटेला जाऊ नये.

जाडीचा विचार तर कोणी करतच नाही. वीस मीटर एक इंची सीपीव्हीसीत सुमारे साडेआठ लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत सव्वापाच. रात्रभर गार झालेलं हे पाणी रोज सकाळी मोरीत सोडलं जातं, तेही टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांत. खालच्या मजल्यांना उंचीमुळे दाब पुरेसा मिळतो, तिथे पाऊण इंची पुरतो. टाकीखालच्या मजल्याला दाबच कमी, तिथे जाड पाइप लागतो. एकाच मापाची लाइन सगळीकडे ओढणं ही सोय कंत्राटदाराची आहे.

प्लंबरला मजुरी ठरवतानाच सांगावं, की सांधे एक दिवस वाळू द्यायचे, मग लाइन भरून टेस्टिंग पंपाने दाब द्यायचा आणि काटा रात्रभर पाहायचा. भिंत उघडी असताना टेप धरून फोटो काढावेत, म्हणजे पुढे आरसा टांगताना ड्रिल पाइपात जात नाही. हे झाल्यावरच टाइलवाल्याला बोलवावं.