पडदा आपला, चित्र परगावचे

गेल्या पौषातली गोष्ट. आमची धाकटी पुतणी इंदूरला आमच्याकडे आली होती. प्रबंधातील आलेख सकाळी मार्गदर्शकांना धाडावयाचे होते आणि ते काढणारे लिनक्सचे यंत्र राहिले पुण्यास, तिच्या संस्थेत. रात्री दहाला ती रडकुंडीस आली. "काका, अक्षरे येतात, पण खिडकी उघडत नाही. डिस्प्ले उघडता येत नाही, एवढेच म्हणतंय मेलं!"

आम्ही मराठीचे मास्तर. पण शाळेतील संगणकांचे लचांड मुख्याध्यापकाच्याच गळ्यात पडते, त्यामुळे या वाटेची थोडी ओळख झाली आहे.

ही खिडक्यांची व्यवस्था म्हणजे 'एक्स विंडो'. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ती १९८४ साली जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ची. तिच्यातील शब्दयोजना भल्याभल्यांना चकविते. येथे 'सर्व्हर' म्हणजे दूरचे मोठे यंत्र नव्हे. पडदा, कळफलक आणि माऊस सांभाळणारी आपल्या पुढ्यातली प्रणाली, ती सर्व्हर; पुण्याचा आलेखकार हा तिच्या दारी पडद्याची जागा मागणारा ग्राहक. म्हणून शोध घरापासून आरंभावा. पुतणीच्या मॅकवर 'एक्सक्वार्ट्झ' हा सर्व्हर वेगळा बसविलेला होता आणि चालूही होता.

मग पुण्याच्या यंत्रात 'डिस्प्ले' या चलाची किंमत विचारली. उत्तर कोरे! एसएसएच या आज्ञेला मोठ्या लिपीतला 'एक्स' जोडला, की एरवी तेथे 'लोकलहोस्ट:१०.०' असे काही आपोआप भरले जाते. तिने एक्स जोडला होता, तरी कोरेच.

येथे ती एक धाडस करू पाहत होती. कोणीतरी सुचविल्याप्रमाणे ती किंमत हाताने भरायची आणि 'एक्सहोस्ट'ला अधिकचिन्ह देऊन सर्वांना मुभा द्यावयाची. आम्ही हात धरला. हाताने भरलेला पत्ता एसएसएचचा सुरक्षित बोगदा चुकवितो. आणि ती मुभा म्हणजे घराचे कुलूप काढणे. त्या पडद्यापर्यंत पोहोचणारा कोणीही आपण दाबलेल्या कळा, संकेतशब्दासुद्धा, टिपू शकतो.

राहिली दोन कारणे, दोन्ही पुण्याकडची: तेथील एसएसएचच्या मांडणीत 'एक्स११फॉरवर्डिंग' बंद असणे, किंवा ओळखपत्र सांभाळणारा 'एक्सऑथ' तेथे नसणे. संकोच सोडून व्यवस्थापकांना दूरध्वनी केला. यंत्र नव्याने मांडताना एक्सऑथ राहूनच गेला होता. बिचाऱ्यांनी लगेच बसविला. पुतणीने बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला आणि आलेख पडद्यावर आला.

अर्ध्या तासाने नवी खिडकी पुन्हा नाकारली गेली! मोठ्या एक्सने मिळणारी परवानगी मॅकवर मुळात वीसच मिनिटांची असते. त्यानंतरच्या खिडक्यांना दार बंद. मोठ्या 'वाय'ने ही मुदत राहत नाही, परंतु दूरच्या यंत्रास आपल्या पडद्यावर पूर्ण अधिकार मिळतो. ते यंत्र संस्थेचे, विश्वासाचे. म्हणून वाय वापरला.

आलेख फिरवून कोन ठरवावयास खिडकी हवीच होती, पण तारेवरून ती गोगलगायीसारखी हलत होती. कोन ठरल्यावर उरलेले अकरा आलेख खिडकी न उघडता तेथेच फाईलींत उतरविले आणि त्या फाईली इकडे आणल्या. साडेबारा वाजले होते. चहा ठेवावा की झोपावे, एवढाच प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी विचारला.