दवाखान्यातील स्क्रीन : बचत आणि यतना

इतवारीतील व्यापारी घराची मुलगी दंतवैद्य होऊन धंतोलीत दवाखाना थाटते, तेव्हा जागा, खुर्ची व यंत्रे यांचा हिशेब वडीलधारी मंडळी बारकाईने करतात. रुग्णाला दातांचे चित्र दाखविणाऱ्या स्क्रीनची पाळी आली की मात्र सहज म्हटले जाते, “घरातला जुना टीव्ही लावून टाका.” या बचतीचा पुनर्विचार व्हावयास हवा.

दात कोरणारे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. त्यातून उडणाऱ्या तुषारांत लाळेचे व रक्ताचे कण असतात आणि ते खुर्चीजवळच्या वस्तूंवर बसतात. टीव्हीच्या झरोक्यांत शिरलेले कण पुसता येत नाहीत. हातमोज्याने हाताळलेली स्क्रीन एकाचे जंतू दुसऱ्यापर्यंत नेऊ शकते. म्हणून सपाट, बंदिस्त काचेची, पंख्याविना चालणारी स्क्रीन निवडावी. पत्रकावरील ‘आयपी ६५’मधील ६ हा आकडा धुळीपासूनचे पूर्ण संरक्षण दर्शवितो, तर ५ हा पाण्याच्या झोतापासूनचे. ते केवळ दर्शनी भागाला आहे की संपूर्ण यंत्राला, हे विचारावे. कोणते जंतुनाशक चालते, हेही लेखी घ्यावे. अल्कोहोलने काही स्क्रीनचा लेप खराब होतो. जंतुनाशक कापडावर घेऊन पुसावे, स्क्रीनवर फवारू नये.

दुसरी बाब विजेची. वैद्यकीय विद्युत उपकरणांसाठी ‘आयईसी ६०६०१-१’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. रुग्णाभोवतीच्या सुमारे १.५ मीटर परिसराचा त्यात विशेष विचार केला आहे. नेहमीच्या स्थितीत स्पर्शातून वाहणारा गळतीप्रवाह १०० मायक्रोअँपिअरपेक्षा अधिक नसावा, असा त्याचा दंडक आहे. खुर्चीच्या दांड्यावर बसविण्याची स्क्रीन या मानकाचीच घ्यावी. साधा टीव्ही लावायचाच असेल, तर तो प्रतीक्षाकक्षात लावावा. दवाखान्याचे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा स्क्रीन किती तापमानापर्यंत चालते, हेही पत्रकावर पाहावे.

पाच समितींतील आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला इजा होऊ नये, अशी यतना शिकविते. उपचारकक्षात कोणती वस्तू कोठे ठेवावी, हा प्रश्नही त्याच दृष्टीने पाहता येतो. नव्या दवाखान्याच्या अंदाजपत्रकात स्क्रीनची रक्कम खुर्चीच्या रकमेशेजारीच मांडावी आणि बिलासोबत चाचणी-प्रमाणपत्राची प्रत मागून फाइलला लावावी.