समुद्र बघायचा आहे, पण म्हशीची धार कोण काढील?



तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत, कापसाची वेचणी चालू आहे आणि हरभऱ्याला फूल लागले आहे. अशा धांदलीत फिरायला जायची गोष्ट काढली म्हणून कोणी रागावू नये. पेरणीची तयारी जशी उन्हाळ्यातच करावी लागते, तशी माघातल्या प्रवासाची तयारी मार्गशीर्षात सुरू करावी लागते. म्हणून आज हा विषय.

परवा आमच्या शेजारच्या आजींनी विचारले, "समुद्राला पल्याडचा काठ दिसत नाही म्हणतात, ते खरंय का?" आजींचे वय सत्तरीच्या पुढे. सेलूहून पंढरपूरला त्या कितीदा तरी जाऊन आल्या, पण समुद्र पाहिला तो चित्रातच. मुलगा म्हणाला, "चल की आई, दाखवतो." आजींनी लगेच उत्तर दिले, "मी अन् सूनबाई दोघी आल्यावर म्हशीची धार कोण काढील? अन् तिला सोडून मी एकटी कशी येऊ?"

सगळी अडचण या एका वाक्यात आली. पैशाची अडचण असतेच, पण ती पुरुषांनाही असते. तरी पुरुष कृषी प्रदर्शनाला जातात, कापूस घेऊन जातात, ट्रॅक्टर बघायला पुण्यापर्यंत जाऊन येतात. घरच्या बाईचा प्रवास मात्र माहेर, लग्न, वारी आणि दवाखाना यापुढे जात नाही, कारण गोठा तिच्या हाताला बांधलेला असतो. तेव्हा सहलीचा बेत आखताना आधी नकाशा उघडू नका. आधी गोठ्याचा बंदोबस्त करा.

पेरणीला आपण सावड करतो, तशी गोठ्याची सावड करावी. दोन-तीन घरांनी ठरवावे: या महिन्यात तुम्ही जा, पुढच्या खेपेला आम्ही. जे घर धार काढील त्याने तेवढ्या दिवसांचे दूध ठेवून घ्यावे, म्हणजे उपकाराचे ओझे राहत नाही. म्हैस परक्या हाताला लवकर पान्हा सोडत नाही. म्हणून निघण्याआधी आठ-दहा दिवस शेजारणीला सोबत बसवावे, शेवटचे तीन-चार दिवस तिलाच धार काढू द्यावी. नऊ दिवसांचा कडबा कापून ठेवावा, पेंड मोजून ठेवावी आणि गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मोठा लिहावा. विण्याला आलेले जनावर असेल तर मात्र बेत पुढे ढकलावा.

आता जायचे केव्हा? पावसाळ्यात कोकण फार सुंदर दिसते, पण तेव्हा आपली खुरपणी-फवारणी असते आणि घाटात दरडी कोसळतात. दिवाळीत वेचणी भरात असते. वैशाखात आंबा मिळतो, पण लगीनसराई असते आणि तिकडचा दमट उकाडा आपल्याला सोसवत नाही. राहिला तो संक्रांतीपासून हरभरा काढणीपर्यंतचा काळ. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड न घेता ज्यांनी डिसेंबरअखेर कापूस मोडला, त्यांना हा काळ मोकळा मिळतो. गव्हाला पाणी द्यायचे असेल तर कालव्याची पाळी कधी आहे ते आधी विचारून घ्यावे. दहावी-बारावीचे मूल घरात नसेल तर गुरुजींना सांगून मुलांचे आठ दिवस शाळेतून मागून घ्यावेत.

आमच्या मते माघ शुद्ध चतुर्थीला निघावे. पहिला मुक्काम आळंदी, शेवटचा पंढरपूर, आणि मध्ये समुद्र! एकादशीला माघी वारीही घडते. म्हाताऱ्या माणसांना "फिरायला चला" म्हटले तर ती नको म्हणतील. "समुद्रावरून वारीला चला" म्हटले तर आधी पिशवी भरतील.

चतुर्थीला पहाटे सेलू सोडावे. पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर करीत संध्याकाळी आळंदी गाठावी. हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे.

पंचमीला पुण्याच्या बाजूने मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरावा. वाटेत मुळशीचे धरण दिसते. तिथे गाडी थांबवून मुलांना सांगावे, की या धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झालेच. पूर्वेकडे वाहणारे ते पाणी डोंगरातून पश्चिमेला खाली सोडून भिरा येथे वीज तयार करतात. निम्न दुधनेत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या दुधनेचे पाणी पूर्णेत, तिथून गोदावरीत आणि मग पार पूर्वेच्या समुद्रात जाते. घाटमाथ्याच्या पलीकडे पडलेला थेंब मात्र थोडक्या वाटेने पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. घाट उतरून माणगाव, आणि तिथून हरिहरेश्वरला मुक्काम.

इथे एक हिशोब शिकून घ्यावा. तो कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जो आकडा येईल त्या वाजता साधारण भरती पूर्ण होते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळीही सहाच्या पुढेमागे. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. वद्य पक्षातही तिथी प्रतिपदेपासूनच मोजावी. अमावस्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती मवाळ असते. आपला बेत चतुर्थी ते एकादशी असल्याने समुद्रकाठचे दिवस त्या मवाळ भरतीतच येतात.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, लाटांच्या अगदी जवळून जाते. भरतीच्या वेळी लाटेने तिथून माणसे ओढून नेली आहेत. पंचमीला संध्याकाळी पोहोचाल तेव्हा पाणी चढलेलेच असेल. त्या दिवशी देवदर्शन करून झोपावे. षष्ठीला सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी असते, तेव्हा तिथल्या माणसांना विचारून मगच प्रदक्षिणा करावी. आणखी एक गोष्ट तरुण मुलांना हात जोडून सांगतो: विहिरीत पोहणारा समुद्रात पोहू शकेलच असे नाही. विहिरीचे पाणी जागेवर थांबते. समुद्राचे पाणी पायाखालची वाळू काढून आत ओढते. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि ओहोटी लागल्यावर तर मुळीच जाऊ नये.

षष्ठीलाच बागमांडल्याहून वेसवीला गाडीसकट फेरीबोटीने जावे. खाडी सावित्रीची आहे. आपली गाडी पाण्यावरून चालते हे पाहून लहान मुले आणि म्हातारी माणसे सारखीच हरखतात. शेवटची बोट किती वाजता सुटते ते आधी विचारावे, नाही तर लांबचा वळसा पडतो. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे. हर्ण्याच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. माळकऱ्यांनी तोंड फिरवले तरी चालेल, पण बाकीच्यांनी जरूर पाहावा. आपल्या मोंढ्यातल्यासारखीच तिथेही बोली लागते, आणि भाव पडला तर माल परत नेता येत नाही हेही आपल्यासारखेच. हिशोबाचे काम तिथे पुष्कळदा बायकाच करतात, ते आपल्या बायकांनी बघून यावे.

मुक्काम दापोलीला. सप्तमीला सकाळी तिथले कृषी विद्यापीठ पाहावे. आपले परभणीचे विद्यापीठ आणि दापोलीचे विद्यापीठ यांची स्थापना एकाच दिवशी झाली, 18 मे 1972 रोजी. म्हणजे हे आपल्या विद्यापीठाचे जुळे भावंडच. रविवार किंवा सुट्टी नाही ना ते बघावे आणि आधी कळवून जावे. आंबा मोहोरात असतो, काजू फुलावर असतो. भात काढलेल्या खाचरात उरलेल्या ओलीवर वाल आणि कुळीथ उभे असतात. तिथल्या शेतकऱ्याशी बोलावे. पाऊस आपल्या तिप्पट-चौपट पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी गावांत टँकर लागतो. उतार मोठा, जांभ्या खडकातून पाणी झिरपून जाते आणि बाकीचे समुद्राला मिळते. पाऊस किती पडला यापेक्षा किती थांबला हे महत्त्वाचे, ही गोष्ट तिथे डोळ्यांना दिसते.

दाभोळ ते धोपावे ही दुसरी फेरीबोट. गाड्या नेणारी ही सेवा 2003 साली सुरू झाली. पलीकडे गुहागरला मुक्काम. अष्टमीला वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळ ते जयगड ही तिसरी फेरीबोट आणि रात्री गणपतीपुळे. या वाटेवर नारळ-सुपारीच्या वाड्या लागतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि अशा वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावल्यावर पाच-सात वर्षे थांबावे तेव्हा फळ मिळते. 2014 च्या गारपिटीत आपले उभे पीक एका दिवसात गेले. त्यांचे तर झाडच गेले. कोकणातला माणूस सुखी, असे आपण लांबून समजतो. जवळ गेल्यावर कळते की निसर्गाचा तडाखा त्याच्याही दारात येतो.

नवमीला रत्नागिरी. लोकमान्यांचे जन्मघर आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा वाडा मुलांना दाखवावा. भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. आंब्याबद्दल मात्र सांभाळून. हापूसची कलमे पाहून मोह होतो, पण हापूसला तिथलीच माती-हवा मानवते. आपल्या भागात केशर चांगला येतो. हापूस तिथे खावा, केशर आपल्या वावरात लावावा. मग आंबा घाट चढून कोल्हापूर. दशमीला अंबाबाईचे दर्शन घेऊन पंढरपूर, एकादशीला वारी, द्वादशीला बार्शी-बीडमार्गे घरी. एकादशीला गर्दी फार असते, तेव्हा म्हाताऱ्यांनी मुखदर्शनावर समाधान मानावे. ज्यांना नऊ दिवस जमत नाहीत, त्यांनी कोल्हापूरहून सरळ घर गाठावे.

एकूण रस्ता तेरा-चौदाशे किलोमीटरचा होतो. दोन घरांत मिळून एक जीप केली तर खर्च वाटला जातो. लिटरला बारा किलोमीटर धरले तर एकशे दहा-पंधरा लिटर डिझेल लागेल. त्यावरून गाडीवाल्याशी बोलणी करावी. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडतो. ड्रायव्हर घाटात चालवलेला असावा. जीपमध्ये दहाच्या वर माणसे कोंबू नयेत, आणि रात्री नवानंतर गाडी हाकू नये. गाडी परवडत नसेल तर एस.टी. आहेच. तिचा "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. शिवाय 2023 पासून महिलांना साध्या तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही. यातले तुम्हाला काय स्वस्त पडते ते आगारात विचारून ठरवावे.

शिदोरीला दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पहिले दोन-तीन दिवस पुरते. ज्वारीचे पीठ सोबत असावे. तिकडे भाकरी तांदळाची असते, ती म्हाताऱ्यांना रोज चालत नाही. घरगुती राहण्याची सोय पुष्कळ ठिकाणी मिळते. माळकरी आहोत हे आधीच सांगितले तर स्वयंपाक तसा करतात. पण माय-बहिणींनो, हे नऊ दिवस चूल तुमच्या गळ्यात पडू देऊ नका. घरी जे रोज करता तेच समुद्राकाठी करायचे, तर जाऊन मिळवले काय?

पैसे मात्र आतापासून वेगळे काढावेत. एका वेचणीच्या कापसाचे पैसे घरच्या बाईच्या हाती द्यावेत आणि हिशोबाच्या वहीत बी-बियाणे, खत, फवारणी यांच्या खाली "समुद्र" अशी एक ओळ लिहावी. वहीत लिहिलेला खर्च होतो. तोंडी ठरलेला खर्च पाऊस, लग्न नाही तर आजारपण खाऊन टाकते.

आजींचे काय झाले ते सांगायचे राहिले. पलीकडच्या घरची सून चार दिवसांपासून त्यांच्या गोठ्यात धारेला बसते. म्हैस अजून शेपटी मारते, पण काल अर्धी चरवी दूध दिले. आजी म्हणाल्या, "अजून पंधरा दिवस दे तिला. माणसाला सुद्धा नवीन हाताची सवय व्हायला वेळ लागतो."

तुमच्या घरचे कोणी जाऊन आले, तर समुद्राला पल्याडचा काठ दिसला का, ते दोन ओळींत जरूर कळवा.