आधी कप, मग बॅग

गेल्या शुक्रवारी आमच्या फ्लोअरवर केक कापला. प्रोजेक्ट लाइव्ह गेल्याचा केक. फोटोत सगळे होते. फक्त ज्यानं दोन वर्षं त्या प्रोजेक्टचा गाडा ओढला, तो नव्हता. त्यानं तीन महिन्यांपूर्वीच पेपर टाकले होते. तोंडात केक होता आणि मला आठवला जॉर्ज कोस्टा.

कोण हा, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात १९७१ साली जन्मलेला डिफेन्डर. टोपणनाव ‘बिशो’, म्हणजे जनावर! १९९१ मध्ये पोर्तुगालनं ज्युनियर वर्ल्ड कप जिंकला, त्या टीममध्ये हा होता. पुढे एफसी पोर्तोचा कॅप्टन झाला, देशासाठी ५० मॅचेस खेळला.

२००१ मध्ये मात्र बॉसशी वाजलं. कोचनं त्याला एका मॅचमधून मधेच बाहेर बोलावलं आणि यानं कॅप्टनचा आर्मबँड काढून खाली टाकला. झालं! साहेब टीमबाहेर. मग लंडनच्या चार्लटन क्लबकडे उसनवारीवर रवानगी. आपल्या भाषेत, बेंचवरून थेट ऑनसाइट. तिथल्या लोकांनी त्याचं नवं बारसं केलं, ‘टँक’.

जानेवारी २००२ मध्ये पोर्तोचा कोच बदलला. नवा माणूस होता जोझे मोरिन्यो. त्यानं कोस्टाला परत बोलावून घेतलं. २००३ मध्ये पोर्तोनं यूईएफए कप जिंकला. २६ मे २००४ ला जर्मनीत, गेल्सेनकिर्चेनला, मोनाकोला ३-० हरवून चॅम्पियन्स लीग. कप उचलला कॅप्टन कोस्टानं. फोटोच्या अगदी मधोमध.

गोष्ट इथे संपली असती तर ती फक्त पोस्टरवर लावण्यापुरती होती. पण २००६ मध्ये बूट खुंटीला टांगून त्यानं पुढच्या वर्षी कोचिंग सुरू केलं, आणि त्याचं आयुष्य तुमच्या-माझ्यासारखं झालं. म्हणजे कायम भरलेली बॅग!

ओल्यानेन्स नावाच्या छोट्या क्लबला त्यानं २००९ मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आणलं, तब्बल तीन दशकांनंतर. नंतर रोमेनियाचा सीएफआर क्लुज. एप्रिल २०१२ मध्ये, हंगाम संपत आलेला असताना, क्लबनं त्याला काढलं. त्याच हंगामात क्लुज चॅम्पियन झाला. फोटोत कोच दुसराच! मग सायप्रस, गॅबनची राष्ट्रीय टीम, फ्रान्स. आणि २०१८ मध्ये, चक्क आपली अंधेरी. मुंबई सिटी एफसी.

सुरुवात कशी? ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला एफसी गोवानं ५-० असं धुतलं. ज्या माणसानं युरोपचा सगळ्यात मोठा कप उचललाय, त्याच्यासाठी ही केवढी नाचक्की! पण टीम सावरली. डिसेंबरमध्ये केरळा ब्लास्टर्सला ६-१ हरवलं. त्यात मोदू सुगूचे चार गोल. हा सुगू कोस्टाकडे आधी पोर्तुगालमध्ये आणि मग क्लुजलाही खेळलेला. बॉस बदलत राहिला तरी काही माणसं पुन्हा त्याच बॉसकडे येतात, त्याला काहीतरी कारण असतं ना? लीगमध्ये मुंबई तिसरी आली.

९ मार्च २०१९, शनिवार. सेमीफायनलची पहिली मॅच, अंधेरीत. मी होतो स्टँडमध्ये. मुंबईनं पहिला गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला मी मिठी मारली होती. त्यानंतर गोव्यानं पाच मारले. ५-१. शेजारचा कधी उठून गेला कळलंच नाही. तीन दिवसांनी गोव्यात दुसरी मॅच. सगळं हातातून गेलेलं, तरी मुंबई १-० जिंकली. फायनल नाही मिळाली, पण टीम खेळायला उतरली ती जिंकायलाच. मला त्या ५-१ पेक्षा हा १-० जास्त लक्षात राहिलाय.

पुढच्या वर्षी मुंबई पाचवी आली, प्लेऑफ हुकला आणि मार्च २०२० मध्ये कोस्टा गेला. २०२०-२१ मध्ये मुंबईनं लीग शिल्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकली. कोच होते सर्जियो लोबेरा, कोस्टाला पाच-पाच गोल खायला लावणाऱ्या गोव्याचे तेव्हाचे कोच! आता ‘कोस्टानं पेरलं आणि लोबेरांनी खाल्लं’ असं मी म्हणणार नाही. टीम बरीचशी नवी होती, पैसाही नवा होता. आणि गंमत बघा, त्याआधी जानेवारी २०२० मध्ये गोव्यानंही लोबेरांना काढलं होतं. काही आठवड्यांतच गोव्यानं लीग शिल्ड जिंकली, लोबेरांशिवाय. म्हणजे फोटोतून गायब होण्याची पाळी प्रत्येकावर येते. तक्रार कुणाकडे करायची?

कोस्टानं तक्रारीत वेळ घालवल्याचं दिसत नाही. त्यानं पुढची बॅग भरली. २०२४ मध्ये एव्हीएस या क्लबला पहिल्या डिव्हिजनमध्ये नेलं आणि मग घरी परतला, एफसी पोर्तोचा फुटबॉल डायरेक्टर म्हणून. ५ ऑगस्ट २०२५ ला क्लबच्या ऑलिव्हालच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये त्याचं हृदय बंद पडलं. वय ५३. शेवटच्या दिवशीही कामावरच होता.

बातमी वाचली तेव्हा मी लोकलमध्ये होतो. कप उचलतानाचा फोटो सगळीकडे फिरत होता. मला मात्र तो अंधेरीत टचलाइनवर उभा असलेलाच दिसत राहिला, स्कोअरबोर्डवर १-५ असताना.

असो. शुक्रवारी केक संपल्यावर मी जिन्यात जाऊन त्या मित्राला फोन लावला. ‘तुझं प्रोजेक्ट लाइव्ह गेलं रे,’ म्हटलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाला, ‘ते पेमेंट मोड्यूल नीट चाललं ना? त्यानं मला दोन महिने झोपू दिलं नव्हतं.’

चाललं रे बाबा. एकदम मस्त चाललं.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. नंबर आहे ना अजून?