मोटारीचा श्वास

मोटारीस अधिक वेग यावा म्हणून तिच्या यंत्रांत फेरफार करण्याची हौस हल्लीं तरुणांत बरीच दिसते. या हौसेची पहिली पायरी बहुधा एअर फिल्टरची असते. कारण तो बसविण्यास सोपा आणि बॉनेट उघडतांच मित्रांस दाखविण्याजोगा! हौस वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिला विवेकाची जोड नसेल तर पैसाही जातो व यंत्रही बिघडतें.

प्रथम फिल्टरचें कार्य काय तें पाहूं. एक लिटर पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. ती जवळजवळ ९,००० लिटर भरते. या हवेबरोबर येणाऱ्या धुळींत वाळूचे कठीण कण असतात. ते आंत शिरले तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती कानसीप्रमाणें घासून काढतात. तेव्हां धूळ अडविणें हा फिल्टरचा धर्म, आणि हवा सुलभपणें आंत सोडणें हा त्याचा गुण. गुणाच्या नांवाखालीं धर्म सोडणारा द्वारपाल काय कामाचा?

कागदी फिल्टर धूळ उत्तम अडवितो. मळला म्हणजे मात्र बदलावा लागतो. तेल लावलेला सुती फिल्टर धुऊन पुन्हां वापरतां येतो व बहुधा हवेस अडथळाही कमी करतो. परंतु तेल अधिक झालें तर हवा मोजणाऱ्या तप्त तारेवर तें बसतें व मापन चुकतें. शंकूसारखा उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली कीं सुमारें ९ टक्के विरळ होते. म्हणजे शक्ति वाढण्याऐवजीं घटण्याचाच संभव! वाढतो तो आवाज, आणि आवाजासच पुष्कळजण शक्ति समजतात.

कोणी म्हणेल, शर्यतीच्या गाड्यांस असे फिल्टर असतातच ना? असतात, परंतु तीं यंत्रें वरचेवर उघडून तपासलीं जातात. आपल्या गाडीस मात्र उन्हाळ्यांतील धुळीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षें धांवावयाचें असतें.

अमेरिकेंतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, आधुनिक पेट्रोल गाडीचा फिल्टर तुंबला तरी पेट्रोलचा खर्च फारसा वाढत नाहीं. पण गाडी वेग घेण्यास मंदावते. यास्तव आमचें मत असें: प्रथम जुना कागदी फिल्टर बदलून पाहावा. यंत्रांत खरोखरच मोठा फेरफार केला असेल, तरच दुसरा घ्यावा. तोही बंद पेटींतला व बाहेरची थंड हवा घेणारा. विक्रेत्यास आयएसओ ५०११ या कसोटीचे आंकडे विचारावे: अडथळा किती, आणि धूळ किती टक्के अडते? दुसरा आंकडा न सांगणाऱ्याचा माल घेऊं नये.

शिवाय, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांस मर्यादा घालतें, हेंही विसरूं नये. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलानें हट्ट धरला तर एकदम रागें भरूं नये. हे प्रश्न त्यासच सोडवावयास द्यावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, यंत्राप्रमाणें मनासही गाळणी लागते. जें झगमगतें व गाजतें तें सर्व आंत घेऊं नका. धूळ बाहेर ठेवा, मग वेग आपोआप येईल.