तक्ता वाचला, पुस्तकाचं काय?

शाळेत डोळे तपासायला माणसं येतात तेव्हा सहा मीटरवर तक्ता लावतात. मूल एक डोळा झाकून वाचतं, मग दुसरा झाकून वाचतं. सगळ्या ओळी आल्या की कार्डावर ‘६/६’ पडतं आणि घरी निरोप जातो, डोळे उत्तम. ही तपासणी हवीच; कितीतरी मुलांचा नंबर तिच्यामुळेच वेळेत सापडतो. पण ती लांबचं पाहण्याची आहे, आणि एका वेळी एकाच डोळ्याची. पुस्तक असतं हातभरावर, आणि ते दोन्ही डोळ्यांनी वाचायचं असतं. या दोघांचं आपसात जमतं का, हे तक्त्यावरून कळत नाही.

जवळचं पाहताना दोन्ही बुबुळं नाकाच्या बाजूला वळावी लागतात आणि वाचन संपेपर्यंत तशीच राहावी लागतात. त्यात नजर ओळीवरून सलग सरकत नाही, ती उड्या मारत जाते. साधारण पाव सेकंद एका जागी टेकली की पुढची उडी, आणि दर उडीला दोन्ही डोळे एकाच जागी उतरायला हवेत. काही मुलांना हे आत वळणं फार कष्टाचं जातं. डॉक्टर त्याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. ही मुलं एरवी तिरळी दिसत नाहीत, अनेकांना चष्माही नसतो. पहिलं पान बरं जातं, दुसऱ्यावर कपाळ ठणकायला लागतं. ओळ सुटते, तीच ओळ पुन्हा वाचली जाते, अक्षरं हलतात, एकाची दोन होतात. कुणी नकळत एक डोळा तळहाताने झाकून घेतं. तक्रार मात्र फार थोडी मुलं करतात, कारण सगळ्यांनाच असं दिसत असणार असं त्यांना वाटतं. आणि आपण त्यांना म्हणतो, ‘अभ्यासाला बसलं की बरं तुझं डोकं दुखतं!’ खरोखर डोकं दुखत असलेल्या मुलाला हे ऐकावं लागणं मला फार अन्यायाचं वाटतं.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांनी तामिळनाडूतल्या शहरी आणि ग्रामीण भागातली शाळकरी मुलं तपासली, तेव्हा साधारण तीनातल्या एका मुलात दोन डोळ्यांच्या जुळणीचा काही ना काही दोष निघाला. त्यात सर्वांत जास्त आढळला तो हाच, डोळे पुरेसे आत न वळण्याचा.

माझी भाची त्यांतलीच एक. डोळ्यांची जुळणी सुधारणाऱ्या व्यायामांना, म्हणजे व्हिजन थेरपीला, मी तिच्यासोबत जात असे, त्यामुळे ते व्यायाम जवळून पाहिले. सगळ्यांत साधा होता दोऱ्याचा. एका लांब दोऱ्यात तीन रंगीत मणी. एक टोक दाराच्या कडीला किंवा सोबतच्या माणसाच्या हातात, दुसरं स्वतःच्या नाकाच्या शेंड्याशी धरायचं आणि एका मण्याकडे बघायचं. डोळे नीट जुळले तर मणी एकच दिसतो, पण दोरे दोन दिसतात आणि बरोबर त्या मण्यात एकमेकांना छेदतात. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. दोरा एकच दिसला तर मेंदूने एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकलं आहे. म्हणजे मुलाला आपली चूक आपल्यालाच दिसते, कुणी ओरडावं लागत नाही. सुरुवातीला जवळचा मणी तिला दोन दिसायचा, डोळ्यांत पाणी यायचं. एके दिवशी ती किंचाळलीच, “आत्या, फुली मण्यावर आली!” मलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण दोऱ्याचं दुसरं टोक मी धरून होते.

या व्यायामांचा उपयोग होतो का, याची नीट परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांचे चार गट करून १२ आठवडे उपचार दिले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये आले. थेरपिस्टसमोर दर आठवड्याला व्यायाम आणि जोडीला घरचा सराव, या गटातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा स्पष्ट सुधारली. नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याच्या घरगुती व्यायामाने ४३ टक्के, घरी कॉम्प्युटरवरच्या व्यायामाने ३३ टक्के. आणि चौथ्या गटाला थेरपीसारखेच दिसणारे पण निरुपयोगी व्यायाम दिले होते, त्यातलीही ३५ टक्के मुलं सुधारली. म्हणून ‘घरी पेन्सिल करा’ एवढंच सांगून मुलाला परत पाठवणं मला पुरेसं वाटत नाही.

इथवर मी व्हिजन थेरपीच्या बाजूने आहे. पण तिच्या नावावर आता एकाग्रता, मार्क, अगदी डिस्लेक्सियासुद्धा बरा करून देण्याची आश्वासनं विकली जातात, तिथे मी थांबते. त्याच धर्तीवर पुढे ३११ मुलांवर १६ आठवड्यांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वाचलेलं किती समजलं, या परीक्षेत खरी थेरपी घेतलेली मुलं आणि खोटे व्यायाम केलेली मुलं जवळजवळ सारखीच पुढे गेली. डोळ्यांचा त्रास जातो, त्याने वाचायला आपोआप येत नाही. डिस्लेक्सियाची अडचण तर मुळात ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते, बुबुळं वळण्यात नव्हे. त्यासाठी शिकवणारं माणूस लागतं, प्रशिक्षित स्पेशल एज्युकेटर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनात हेच स्पष्ट सांगितलं. सातवी-आठवीची वर्षं व्यायामांत गेली आणि दहावीला मिळणाऱ्या सवलतींसाठी तपासणीच वेळेवर झाली नाही, तर नुकसान मुलाचं होतं. एका मुलात दोन्ही दोष असू शकतात, म्हणून दोन्ही तपासण्या करायच्या, एकीच्या जागी दुसरी नाही.

घरी अंदाज घ्यायचा तर एक पेन घ्या, मुलाच्या डोळ्यांसमोरून हळूहळू नाकाकडे आणा आणि दोन दिसायला लागलं की सांग म्हणा. नाकापासून सहा-सात सेंटिमीटरच्या बाहेरच दोन दिसू लागलं, किंवा एक डोळा बाहेर सुटला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दोन्ही डोळ्यांची जुळणी तपासून घ्या. थेरपी सुचवली तर पैसे भरण्याआधी विचारा: निदान नेमकं काय, आजचं माप किती, आणि किती आठवड्यांनी पुन्हा मोजणार? चांगला थेरपिस्ट ही तिन्ही उत्तरं फाइलवर लिहून देतो. भाचीच्या फाइलवर ती होती, आणि खाली आणखी एक ओळ होती: वाचनाची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी.