पंखा फिरतो, हवा किती हलते?

भिंतीतला एक्झॉस्ट फॅन गरगरतो आहे म्हणजे खोलीतली हवा बाहेर चालली आहे, हा समज शतकानुशतकांचा आहे आणि त्याची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकवली आहे. १५५६ साली छापलेल्या ‘दे रे मेतालिका’ या ग्रंथात गेऑर्ग अग्रिकोलाने खाणीत हवा खेळवणारे भाते, वाऱ्यावर चालणारे पंखे, पिंपात बसवलेली लाकडी पाती इतक्या बारकाईने दाखवली आहेत, की एखादा सुतार ती आजही घडवील. पण त्या पात्यांनी ढकललेली हवा तळाशी राबणाऱ्यापर्यंत किती पोचते, हे मोजण्याचा विचार त्या काळी कोणाला सुचलेला दिसत नाही.

अडीचशे वर्षांनी इंग्लंडच्या ईशान्येस, फेलिंगच्या कोळसाखाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट झाला आणि ९२ माणसे व पोरे गेली. त्यांच्यावर अंत्यसंस्कार करणारे धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी लिहून ठेवलेली एक गोष्ट मला त्या आकड्याहूनही अस्वस्थ करते: शुद्ध हवा आणि शिस्त या दोन्ही बाबतींत ही खाण आदर्श मानली जात होती. हवा ओढणारी भट्टी पेटलेली होती, वाट वळवणारी दारे जागच्या जागी होती, आणि ज्वालाग्राही वायू तरीही साचलेला होता.

त्या काळचे खाणवाले बोगद्यात ठराविक अंतर आखून एका टोकाला चिमूटभर बंदुकीची दारू पेटवीत. दुसऱ्या टोकाचा माणूस घड्याळ धरून धूर आपल्यापाशी कधी येतो ते पाही आणि अंतराला वेळेने भागून वेग काढी. १८४२ साली बेंजामिन बायरम यांचा पात्यांचा ॲनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजणारे उपकरण, आला. १८५४ साली जॉन ॲटकिन्सन यांनी खाणीतून हवा वाहण्यामागचे गणित मांडले: दाब हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्याच वाटेने दुप्पट हवा न्यायची तर दाब चौपट आणि शक्ती आठपट लागते. अडथळा हवेचा केवढा भाग गिळतो, हे तेव्हापासून कोणापासून लपलेले नाही.

भारतीय कोळसाखाणींच्या नियमांत हा धडा उतरला. सर्वांत मोठ्या पाळीतल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे अडीच घनमीटर, यांतली जी जास्त असेल तेवढी हवा आत पोचली पाहिजे, आणि ती पंख्याच्या तोंडाशी मोजून भागत नाही, कामाच्या जागेजवळच्या शेवटच्या हवाजोडणीपाशी मोजावी लागते. चंद्रपूर-वणीकडच्या भूमिगत खाणींत उतरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

जमिनीवर मात्र आपण पुन्हा अग्रिकोलाच्या काळात आहोत. ३०० मिलिमीटरच्या पंख्याच्या खोक्यावर ताशी १००० घनमीटर छापलेले असते. तोंडाचे क्षेत्रफळ जेमतेम ०.०७ चौरस मीटर, म्हणजे हिशेबाने सेकंदाला चार मीटर वेग. पण तो आकडा मोकळ्या तोंडाचा. पुढे जाळी, तिच्यावर वर्षभराचा तेलकट थर, बाहेर न उघडणारी झडप आणि खिडक्या घट्ट बंद, अशा खोलीत तो वेग उरत नाही, आणि पंख्याचा आवाज मात्र तेवढाच येतो. मोजायचे तर तोंडाचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकात ॲनिमोमीटर धरावा, कारण मधल्या तुंब्यापाशी हवा जवळजवळ थांबलेली असते आणि कडेला धावते; त्या सगळ्यांची सरासरी क्षेत्रफळाने गुणावी. एकाच वेगवान जागेचा आकडा उचलणे म्हणजे स्वतःची फसवणूक. २०२१ च्या मार्च महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने साध्या खोलीतही माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी असे सांगितले. त्यानंतर किती शाळांनी, किती दवाखान्यांनी आपल्या खोल्यांत हे एकदा तरी मोजून पाहिले?

उपकरण नसेल तर उदबत्ती पुरते. बंद स्वयंपाकघरात, पंखा चालू असताना, ती पंख्यापाशी न धरता शेगडीशी उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीला धरावी. धूर सरळ वर चढत राहील. मग समोरची खिडकी चार बोटे उघडावी आणि त्या धुराची रेघ कुठे वळते ते पाहावे.